भरणा चालेल, पण सांगून : रबरी माल, खानदेशचे ऊन आणि आपली दुकानदारी

खानदेशात एप्रिल उजाडला की पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे तो ४५ अंशांच्या पुढेही जातो. ही सावलीतली मोजणी झाली. पत्र्याच्या छपराखालचे दुकान, बंद गोदाम, महामार्गाचे डांबर, पॉवरलूमचा शेड यांतली उष्णता यापेक्षा कितीतरी जास्त असते. याच उन्हात आपले अनेक बांधव रबरी मालाचा व्यवहार करतात. कोणी टायर रिमोल्ड करतो, कोणी पंक्चर काढतो, कोणी विहिरीच्या मोटारीचे पट्टे, वायसर, सक्शनच्या नळ्या विकतो, कोणी स्लिपरा विकतो, कोणी कुकरच्या रिंगा आणि गॅसच्या नळ्या. नशिराबादवरून जाणाऱ्या महामार्गावर, जो पूर्वी ६ क्रमांकाचा होता आणि आता ५३ क्रमांकाचा आहे, या धंद्यांची रांग दोन्ही बाजूंना दिसते. धुळे आणि मालेगावच्या लूमवाल्यांचे कामही रबरी बफर आणि पट्ट्यांशिवाय चालत नाही.

या सर्व दुकानांत उन्हाळ्यानंतर एकच तक्रार येते. नळी तडकली, पट्टा कडक होऊन तुटला, रिंग सैल पडली, स्लिपरचा तळ चिरला. दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते : "भाऊ, आपल्याकडचे ऊनच तसे आहे." हे उत्तर अर्धे खरे आहे. ऊन सर्वांना सारखेच लागते. मग त्याच रस्त्यावर एक टायर तीन उन्हाळे काढतो आणि दुसरा एकातच का फाटतो? एकाच शेतातल्या दोन मोटारींपैकी एकीचा पट्टा टिकतो आणि दुसरीचा टिकत नाही, हे कसे? फरक उन्हात नाही, मालात आहे. आणि मालातला फरक मोठ्या प्रमाणात त्यात काय भरले आहे यावर ठरतो. रबरात घातल्या जाणाऱ्या या भुकटीला कारखानदार फिलर म्हणतात. आपण तिला भरणा म्हणू.

मी कापडाचा व्यापारी. रबराबद्दल बोलण्याचा याला काय अधिकार, असे कोणी विचारेल. परंतु भरण्याचा प्रश्न कापडवाल्यांना नवा नाही आणि म्हणूनच हा विषय मांडावासा वाटला.

भरणा म्हणजे भेसळ नव्हे

पहिली गोष्ट स्पष्ट करू. रबरात भुकटी घालणे म्हणजे फसवणूक, असा सरसकट समज चुकीचा आहे. विणकर ताण्याला खळ लावतो ती सुताला बळ यावे, मागावर घासून ते तुटू नये म्हणून. खळीशिवाय सुती ताणा मागावर टिकत नाही. ही कारागिरी झाली. परंतु १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, कापूस महागला आणि त्या सुमारास लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानात पाठवायच्या कापडात खळीबरोबर चिनी माती भरण्याचा सपाटा लावला. कापड हाताला जाड लागे, वजनाला भारी भरे आणि पहिल्या धुण्यात माती निघून गेली की जाळीसारखे होई. दमट हवेत त्या खळीला बुरशीही लागे. खळ दोन्हीकडे होती. एकीकडे ती सुतासाठी होती आणि दुसरीकडे तराजूसाठी.

आपल्या जवळचेच दुसरे उदाहरण सिमेंटचे आहे. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जळून जी राख उरते, ती सिमेंटमध्ये घातली जाते. भारतीय मानक आयएस १४८९ प्रमाणे पोझोलाना सिमेंटात ही राख १५ ते ३५ टक्के चालते. ती योग्य प्रमाणात असेल तर काँक्रीट हळूहळू पण चांगले घट्ट होते. गोणीवर सिमेंटचा प्रकार छापलेला असतो, त्यामुळे घेणाऱ्याला काय घेतो ते कळते. म्हणून कोणी याला भेसळ म्हणत नाही. तीच राख साध्या सिमेंटच्या गोणीत गुपचूप मिसळली तर मात्र ती भेसळच.

रबराचेही अगदी असेच आहे. सुरुवातीच्या मोटारींचे टायर पांढुरके असत आणि ते लवकर झिजत. १९०४ साली लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथे रबरात काजळीची बारीक भुकटी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातल्यास रबर कितीतरी मजबूत होते असे आढळले. पुढे जगभर टायर काळे झाले. आज टायरच्या वरच्या थरात १०० भाग रबराला साधारण ४५ ते ६० भाग कार्बन ब्लॅक असतो. हा भरणा काढून टाका, टायर काही हजार किलोमीटरही नीट चालणार नाही. म्हणून प्रश्न भरणा आहे की नाही हा नाही. भरणा कोणता, किती आणि कशासाठी, हा प्रश्न आहे.

उष्णतेने रबर म्हातारे कसे होते

रबर म्हणजे अतिशय लांब धाग्यांचा गुंता. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात कडक होई. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून रबर तापवल्यास हा दोष जातो असे आढळले. गंधक या धाग्यांना जागोजागी गाठी मारते. कापडाच्या भाषेत बोलायचे तर सुटे सूत विणून त्याची वीण पक्की होते. या वीणीमुळेच रबर ताणले की परत येते.

हवेतला प्राणवायू या धाग्यांवर सतत हल्ला करीत असतो. थंडीत हे काम फार हळू चालते, उष्णतेत झपाट्याने. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की ही झीज सुमारे दुप्पट होते. म्हणजे ३५ अंशांच्या गोदामात जे दोन वर्षांत घडेल ते ४५ अंशांच्या गोदामात एका वर्षात आणि ५५ अंशांच्या पत्र्याखाली सहा महिन्यांत घडेल. समुद्रकाठच्या थंडगार गोदामात आणि आपल्या पत्र्याखाली एकाच मालाचे आयुष्य सारखे असू शकत नाही.

या झिजेचे दोन प्रकार दिसतात. एकात धागे तुटतात. असे रबर मऊ, लिबलिबीत आणि चिकट होते. नैसर्गिक रबराचा कल पुष्कळदा इकडे असतो. दुसऱ्यात गाठी वाढत जातात. असे रबर कडक होते, वाकवले की चिरते. एसबीआर आणि नायट्राइल या कृत्रिम रबरांचा कल असा असतो. म्हणून गिऱ्हाईक चिकट झालेली किंवा कडक झालेली वस्तू घेऊन येते तेव्हा ती नुसती जुनी झाली असे नाही. तिच्या आत काय घडले हे ती स्वतःच सांगत असते.

चार भरणे, चार स्वभाव

बाजारात मुख्यतः चार प्रकारचे भरणे चालतात.

पहिला कार्बन ब्लॅक. याच्या पोत्यांवर एन-३३०, एन-५५०, एन-६६० असे आकडे असतात. एन-३३० चे कण साधारण ३० नॅनोमीटरचे, म्हणजे डोळ्याला कधीही न दिसणारे. एन-९९० चे कण त्याच्या सुमारे दहापट मोठे. कण जितका बारीक तितकी मजबुती जास्त. मात्र बारीक कणांचे रबर वारंवार दबले आणि सुटले की आतून तापतेही जास्त. कार्बन ब्लॅकचा मोठा गुण म्हणजे तो सूर्याचे किरण स्वतः शोषून घेतो. आपल्या केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याचे कारण हेच. त्या प्लॅस्टिकमध्येही २ ते ३ टक्के कार्बन ब्लॅक असतो आणि त्यामुळे नळी उन्हात टिकते. परंतु उजेडापासून वाचवणे वेगळे आणि उष्णतेपासून वाचवणे वेगळे. अंधाऱ्या पण तापलेल्या गोदामात कार्बन ब्लॅक रबराला फारसा वाचवत नाही. उलट गंधकाने पक्क्या केलेल्या नैसर्गिक रबरात बारीक कणांचा कार्बन ब्लॅक प्राणवायूच्या हल्ल्याला काही अंशी मदतच करतो. म्हणून त्याच्याबरोबर चांगले संरक्षक रसायन असावेच लागते.

दुसरा सिलिका, म्हणजे शुद्ध वाळूच्या जातीची अतिबारीक पांढरी भुकटी. रंगीत आणि पांढऱ्या मालाला ती बळ देते. १९९२ पासून मिशेलिन कंपनीने टायरमध्ये सिलिका मोठ्या प्रमाणात आणली, कारण योग्य जोडरसायन घातल्यास असे टायर रस्त्यावर कमी तापतात आणि इंधन वाचते. परंतु सिलिकाचा एक दोष आहे. तिचा पृष्ठभाग इतर रसायने स्वतःकडे ओढून घेतो. तिच्यासोबत जोडरसायन घातले नाही तर रबर नीट पिकत नाही, आणि अर्धे पिकलेले रबर उन्हात लवकर हार खाते.

तिसरी चिनी माती. हिचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात आणि ते हवेची वाट काहीसे अडवतात. चांगली, धुतलेली, शुद्ध माती मध्यम दर्जाच्या मालाला चालते.

चौथी खडूची भुकटी. सर्वांत स्वस्त. पीव्हीसी पाइप, स्लिपरा, चटया, गाड्यांच्या पायपुसण्या यांत ती सर्रास जाते. साधी खडूची भुकटी रबराला बळ देत नाही. ती फक्त जागा भरते आणि वजन वाढवते. थोडी असेल तर रबर कारखान्यात नीट लाटले जाते, आकार नीट बसतो. फार झाली की मात्र मातीच्या भिंतीसारखी गत होते.

उन्हाळ्यात भरणा कुठे घात करतो

पहिला घात लवचिकपणाचा. समजा, चांगले रबर तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या सातपट वाढते आणि खडूने ठासून भरलेले रबर अडीचपट. दोघांनीही एका उन्हाळ्यात आपल्या लवचिकपणाचे ४० टक्के गमावले असे धरा. पहिल्याजवळ चारपटीहून अधिक वाढ शिल्लक राहिली, दुसऱ्याजवळ दीडपट. कामाला दोनपट वाढ लागत असेल तर पहिला निश्चिंत आहे आणि दुसरा तुटलाच. लक्षात घ्या, झीज दोघांची सारखीच होती. परंतु एकाजवळ साठा होता आणि दुसरा महिन्याच्या शेवटी उधारीवर जगणाऱ्या माणसासारखा होता. दुकानात नवा असताना दोन्ही माल ठीकच दिसतात. फरक वैशाख दाखवतो.

दुसरा घात विषाचा. तांबे आणि मँगनीज हे दोन धातू नैसर्गिक रबराचे शत्रू आहेत. त्यांचा अगदी अल्प अंशही प्राणवायूच्या कामाला कित्येक पटींनी वेग देतो. कुठल्याही डोंगरातून खणलेली, न तपासलेली माती किंवा दगडाची पूड घातली तर तिच्याबरोबर हे धातू आत येऊ शकतात. म्हणूनच जबाबदार कारखाने भरण्यातल्या तांब्या-मँगनीजची तपासणी करून घेतात. कापडवाल्यांना हे जुने ठाऊक असायला हवे. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी रबर लावलेल्या कापडाचे पेटंट घेतले आणि रेनकोटचा धंदा सुरू झाला. त्या धंद्यात पुढे अनुभव आला की ज्या कापडाच्या रंगात तांबे आहे त्यावरचे रबर लवकर नासते. आजही रंग पक्का करण्यासाठी मोरचूद वापरलेल्या कापडात रबरी इलॅस्टिक शिवले तर त्या इलॅस्टिकचे आयुष्य घटते. शिलाईकाम करणाऱ्या भगिनींनी आणि रेडिमेडवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरा घात औषध चोरण्याचा. रबरात प्राणवायूला रोखणारी संरक्षक रसायने १०० भागांना साधारण एक-दोन भाग घातली जातात. यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. काही भरणे हे औषध आपल्या अंगाला चिकटवून घेतात आणि रबराला त्याचा उपयोग कमी होतो. भरणा वाढला तर औषधही वाढवावे लागते. परंतु जो कारखानदार पैसे वाचवण्यासाठी खडू वाढवतो, तो महागडे औषध वाढवील का? तो बहुधा आहे तेही कमी करील. शिवाय प्रभावी औषधांपैकी काही रबराला डाग पाडतात, म्हणून पांढऱ्या आणि रंगीत मालात ती चालत नाहीत आणि तिथे वेगळी, बिनडागाची औषधे घालावी लागतात.

चौथा घात आतल्या उष्णतेचा. टायर रस्त्यावर फिरतो तेव्हा तो बाहेरून डांबराने आणि आतून स्वतःच्या दबण्या-उसळण्याने तापतो. रिमोल्डच्या रबरात चुकीचा भरणा असेल तर एक तर ते लवकर झिजते किंवा आतून तापून जुन्या टायरपासून त्याचा जोड सुटतो. मे महिन्यात महामार्गाच्या कडेला टायरच्या काळ्या साली पडलेल्या दिसतात. प्रत्येक सालीमागे एक ट्रक ड्रायव्हर होता, हे आपण विसरता कामा नये.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सगळा दोष भरण्याचा नसतो. गंधक जास्त आणि वेग देणारे रसायन कमी असेल तर गाठी लांब व कमकुवत पडतात आणि उष्णतेत सुटतात. गंधक कमी ठेवून वेगरसायन वाढवले तर उष्णता जास्त सोसली जाते. रबराची जातही महत्त्वाची आहे. ईपीडीएम जातीचे रबर नैसर्गिक रबरापेक्षा उष्णता पुष्कळ जास्त सोसते, सिलिकॉन त्याहून जास्त. परंतु स्वस्त मालात खर्च वाचवण्याची पहिली जागा भरणा हीच असते आणि तीच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांआड असते.

तराजूचे गणित

नैसर्गिक रबराची घनता ०.९३ च्या आसपास, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके. खडूची २.७, चिनी मातीची २.६, कार्बन ब्लॅकची १.८. आता १०० किलो रबरात १०० किलो खडू घातला तर २०० किलो माल होतो, पण त्याचा आकार तिप्पट किंवा दुप्पटही होत नाही, जेमतेम एक-तृतीयांशाने वाढतो. घनता १.३८ होते. २०० किलो खडू घातला तर घनता १.६५. म्हणजे किलोवर विकल्या जाणाऱ्या मालात खडूची भुकटी रबराच्या भावाने विकली जाते. भारी हाताला लागले म्हणजे मजबूत, हा आपल्या बाजारातला समज खडूवाल्यांच्या फायद्याचा आहे. रबराच्या बाबतीत पुष्कळदा उलटेच खरे असते.

काळा रंगही खात्री देत नाही. खडूने भरलेल्या रबरात १०० भागांना दोन-तीन भाग कार्बन ब्लॅक टाकला की तेही कुळकुळीत काळे दिसते.

मग ओळखायचे कसे? एक सोपी परीक्षा प्रत्येक दुकानदाराला करता येईल. एक लिटर पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. या खारट पाण्याची घनता १.२ च्या जवळ जाते. त्यात रबराचा लहान भरीव तुकडा, हवेचे बुडबुडे झटकून, टाका. कार्बन ब्लॅक योग्य प्रमाणात घातलेले टायरचे चांगले रबर साधारण १.१३ घनतेचे असते, ते साध्या पाण्यात बुडेल पण या पाण्यात तरंगेल. खडूने ठासलेला तुकडा यातही तळ गाठील. मर्यादाही सांगतो. स्पंजसारख्या स्लिपरच्या तळाला ही परीक्षा लागू नाही, कारण त्यात हवा असते. कापड किंवा तार घातलेल्या नळीचा निव्वळ रबरी भाग कापून घ्यावा लागतो. निओप्रीन रबर आणि पीव्हीसी मुळातच जड असतात, ते चांगले असूनही बुडतात. म्हणून ही परीक्षा एकाच जातीच्या दोन मालांची तुलना करण्यासाठी वापरावी, शेवटचा निकाल म्हणून नाही.

दुसरी परीक्षा राखेची. तुकडा पूर्ण जळला की कार्बन ब्लॅक जळून जातो, खडू आणि माती राखेच्या रूपाने मागे राहतात. राख जितकी जास्त तितका दगडी भरणा जास्त. थोडी राख झिंक ऑक्साइडमुळे चांगल्या मालातही राहते. रबराचा धूर विषारी असतो, तेव्हा ही परीक्षा दुकानात किंवा घरात करू नये. ती प्रयोगशाळेवर सोपवलेली बरी.

खरा निकाल उष्णता-परीक्षेत लागतो. आयएस ३४०० या भारतीय मानकाच्या चौथ्या भागात तिची पद्धत दिली आहे. रबराचे नमुने गरम हवेच्या भट्टीत, उदाहरणार्थ ७० अंशांवर १६८ तास, म्हणजे सात दिवस, ठेवतात. नंतर मजबुती, ताण आणि कडकपणा किती बदलला ते मोजतात. सात दिवसांत मालाच्या म्हातारपणाचा अंदाज येतो. ठाण्याला रबर उद्योगाची संशोधन संस्था आहे, तेथे अशा तपासण्या होतात.

आक्षेप आणि उत्तरे

काही बांधव म्हणतील की गरीब गिऱ्हाइकाला स्वस्तच पाहिजे, त्याला भट्टीच्या परीक्षेशी काय काम? स्वस्त माल विकणे हा गुन्हा नाही. मशिदीच्या किंवा दवाखान्याच्या दारात अंथरायच्या पायपुसणीत खडू भरपूर असला तर कोणाचेही नुकसान नाही. ती कमी पैशांत मिळते, हे चांगलेच. परंतु कुकरची रिंग रोज १२० अंशांच्या आसपास वाफ अडवते. गॅसची नळी स्वयंपाकघरात शेगडीच्या मागे असते. रिमोल्ड टायर पंधरा-वीस टनांच्या ट्रकखाली असतो. येथे स्वस्त माल गिऱ्हाइकाला महागच पडतो. शेतकऱ्याचा पट्टा मे महिन्यात केळीला पाणी देताना तुटला तर पट्ट्याचे शंभर-दोनशे रुपये वाचलेले कोणाच्या लक्षातही राहत नाहीत, बाग सुकलेली मात्र राहते.

दुसरा आक्षेप असा की आम्ही काही केमिस्ट नाही, कारखान्याने जे पाठवले ते विकतो. सराफाला सोन्याची कस लावता येते, धान्यवाल्याला दाणा दातांखाली धरून ओल कळते, कापडवाल्याला धागा जाळून सूत की टेरीकॉट ते समजते. यांपैकी कोणीही केमिस्ट नाही. आपल्या मालाची ओळख ठेवणे हा व्यापाराचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. खरे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. काही दिवस जाईलही. परंतु उन्हाळा शेजारच्या दुकानालाही सोडत नाही. दोन हंगामांनंतर कोणाची नळी टिकली हे सबंध गावाला ठाऊक होते. लहान गावात इश्तिहारापेक्षा पाण्याच्या टाकीवरची चर्चा जास्त चालते.

व्यापाऱ्याची जबाबदारी

आपल्या दीनात या बाबतीत संदिग्धता नाही. कुरआनात माप-तोलात कमी देणाऱ्यांच्या नावाने एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. प्रेषित मुहंमद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओला भाग वर का ठेवला नाही, लोकांना दिसला असता, असे त्यांनी विक्रेत्याला समजावले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. या प्रसंगात ओले धान्य विकूच नका असे सांगितलेले नाही, तर ऐब झाकू नका असे सांगितले आहे. पावसाने भिजलेले धान्यही विकता येते, पण ओल वर दाखवून, आणि त्या भावाने. रबरातला खडू म्हणजे आजच्या काळातली ढिगाखालची ओल आहे. फरक इतकाच की ती हाताला लागत नाही, म्हणून सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर जास्त येते.

म्हणून काही सूचना करतो.

पहिली. माल मागवताना किंमत विचारतो तसे तीन प्रश्न विचारावेत : रबर कोणत्या जातीचे, भरणा कोणता आणि किती, उष्णता-परीक्षेचा दाखला आहे का. चांगला कारखानदार उत्तर देईल. जो टाळाटाळ करील त्याचे उत्तरही मिळालेच समजा.

दुसरी. दुकानात मालाचे उघड दर्जे ठेवावेत. हा साधा, हा मध्यम, हा उन्हात टिकणारा. बिलावर तसे लिहावे. साधा माल साध्याच्या नावाने विकला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तिसरी. कुकरची रिंग आणि गॅसची नळी या दोन वस्तूंत तडजोड नको. आयएसआय चिन्ह पाहूनच त्या घ्याव्यात आणि द्याव्यात. घरगुती गॅसच्या रबरी नळीसाठी आयएस ९५७३ हे मानक आहे. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलावी हेही गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावे. त्याने विचारले नाही तरी.

चौथी. साठवणूक सुधारावी. रबरी माल पत्र्याला चिकटून, खिडकीच्या उन्हात, वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ किंवा चालू मोटारीजवळ ठेवू नये. वेल्डिंग आणि मोटारीच्या ठिणग्यांनी हवेत ओझोन तयार होतो आणि तो ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. पट्टे खिळ्याला ताणून टांगण्यापेक्षा सैल गुंडाळी करून खालच्या कप्प्यात ठेवावेत. जुना माल आधी विकावा. उन्हाळ्याच्या तोंडावर मोठा साठा भरू नये. १० अंशांचा तो नियम आठवा : गोदामात दहा अंश कमी केले तर मालाचे आयुष्य दुप्पट. छपराला चुना मारणे आणि वरच्या बाजूला हवेची वाट ठेवणे याहून स्वस्त विमा नाही.

पाचवी. एकट्याला प्रयोगशाळेचा खर्च झेपत नाही. परंतु दहा-बारा रिमोल्डवाल्यांनी किंवा पार्टसवाल्यांनी वर्गणी काढून वर्षातून एकदा, उन्हाळ्यापूर्वी, आपण घेतो त्या पाच-सहा मालांचे नमुने तपासून घेतले तर खर्च माणशी फार येणार नाही. तो अहवाल सर्वांनी वापरावा. आपल्यात निकाह आणि शाळेसाठी वर्गणी निघते, मग व्यापारासाठी का निघू नये? जळगावच्या विद्यापीठात रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. आपली मुले तेथे जावीत आणि शिकून परत याच बाजारात यावीत, ही अपेक्षा काही मोठी नाही.

रबरात भरणा घालणाऱ्यावर माझा राग नाही. योग्य भरण्याशिवाय आजचे एकही चाक फिरणार नाही. परंतु ताण्याची खळ आणि तराजूची खळ यांतला फरक आपल्या वाडवडिलांना कळत होता, आणि जो लपवत होता त्याचे नाव बाजारात राहिले नाही. या वर्षीचा वैशाख येण्यापूर्वी आपल्या फडताळातला प्रत्येक रबरी माल एकदा खाली काढा, खारट पाण्यात त्याचा एक तुकडा टाकून पाहा आणि जे दिसेल ते गिऱ्हाइकाला सांगून विका. भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल. अल्लाह आपल्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.